पूरपूर्वतयारीत सर्व्हरच्या खोलीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात बोटींची दुरुस्ती, नाल्यांची सफाई आणि निवारा केंद्रांच्या बातम्या येऊ लागतात. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे तर सांगलीत शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. या तयारीत शहरातील पतसंस्था, सहकारी बँका, हळदीच्या पेढ्या आणि कारखाने यांच्या सर्व्हरच्या खोलीचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात कधी आला नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड औद्योगिक वसाहतीतील संस्थांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे, म्हणून हे पत्र.

पूर्वी पगार, ठेवी, हिशेब आणि वजनकाट्याच्या नोंदी यांसाठी वेगवेगळे संगणक असत. आता एकच मोठा होस्ट सर्व्हर घेतला जातो आणि हायपरव्हायझर नावाचे सॉफ्टवेअर त्याची मेमरी व प्रोसेसर वाटून देऊन त्यावर आठ-दहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेले संगणक, चालवते. यातील प्रत्येक मशीन म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही मोठ्या फायली असतात. त्यामुळे वीज आणि जागा वाचते, शिवाय एक मशीन उचलून दुसऱ्या होस्टवर नेणे सोपे होते. ही पद्धत चांगलीच आहे आणि मी स्वतः ती अनेक ठिकाणी बसवली आहे. पण पूर्वी एक संगणक बिघडला तर एक विभाग थांबत असे, आज एक होस्ट बंद पडला तर संपूर्ण संस्था थांबते, आणि हा फरक संचालक मंडळांपर्यंत पोहोचलेला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, त्या वेळी शहरातील एका संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी रात्री गुडघाभर पाण्यातून होस्ट सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर नेला. त्यांच्या निष्ठेविषयी मला आजही आदर वाटतो. परंतु व्हर्च्युअल मशीनच्या फायली त्या होस्टमध्ये नव्हत्याच. त्या शेजारच्या रॅकमधील स्टोरेजच्या पेटीत होत्या, आणि ती पेटी खालीच राहिली. बॅकअप घेणारे मशीनही व्हर्च्युअल होते आणि त्याची डिस्कसुद्धा त्याच पेटीत होती. पाणी ओसरल्यावर होस्ट व्यवस्थित सुरू झाला, पण त्यावर चालवायला काहीच उरले नव्हते. अखेर हिशेबनिसाच्या कपाटात तीन महिन्यांपूर्वीची एक हार्ड डिस्क सापडली आणि पुढचे कित्येक आठवडे मंडळी वाळवलेल्या व्हाउचरांवरून नोंदी पुन्हा भरत बसली. कोणती पेटी आधी उचलायची, हे सांगणारा एक कागद भिंतीवर असता तर हे टळले असते.

दुसरी चूक पुराशी संबंधित नाही, पण ती मला सर्वांत जास्त वेळा आढळते: स्नॅपशॉटलाच, म्हणजे मशीनच्या एका क्षणीच्या स्थितीच्या नोंदीलाच, बॅकअप समजणे. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्कची फाइल जशीच्या तशी राहते आणि त्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. ही दुसरी फाइल मूळ फाइलशिवाय निरुपयोगी असते, म्हणजे मूळ गेली की दोन्ही गेल्या. शिवाय ती वाढत राहते. हायपरव्हायझर बनवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीची स्वतःची सूचना आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. एका कारखान्यात हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी घेतलेला स्नॅपशॉट अकरा महिने तसाच राहिला होता, आणि स्टोरेज भरून सगळी मशीन एकाच सकाळी अडकली तेव्हा त्याचा पत्ता लागला.

होस्टचा पासवर्ड ही तिजोरीची किल्ली आहे, हेही समजून घ्यायला हवे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरवर चालणाऱ्या जगभरातील हजारो होस्टवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. त्यात ज्या त्रुटीचा वापर झाल्याचे सांगण्यात आले, तिची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झाली होती. हल्लेखोराला प्रत्येक मशीनमध्ये शिरावे लागत नाही. होस्ट हाती आला की सगळ्या मशीनच्या डिस्क-फायली तो तिथूनच कुलूपबंद करतो. असे असूनही होस्टचे व्यवस्थापन-पान कार्यालयातील कोणत्याही संगणकावरून, क्वचित पाहुण्यांच्या वायफायवरूनही उघडते, ही स्थिती मी आपल्या जिल्ह्यात पाहिली आहे. जुलै २०२४ अखेरीस छोट्या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा देशातील डिजिटल देयकांचे जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले आणि देशातील सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. सहकारी संस्थांच्या या जिल्ह्याने ती बातमी दूरची समजू नये.

माझी मागणी एकच आहे. प्रत्येक संस्थेने मे महिन्यात एकदा आपली महत्त्वाची व्हर्च्युअल मशीन बॅकअपमधून वेगळ्या संगणकावर उभी करून पाहावीत. हे करताना तो संगणक चालू नेटवर्कपासून तोडलेला असावा, नाहीतर एकाच नावाची दोन मशीन समोरासमोर येऊन रोजचे काम बिघडते. उभ्या केलेल्या मशीनमधील शेवटची नोंद त्या दिवशीच्या व्हाउचरशी ताडून पाहावी आणि किती तास लागले ते लिहून ठेवावे. आधी डोमेन कंट्रोलर (सर्वांचे लॉगिन तपासणारे मशीन), मग डेटाबेस, मग हिशेबाचे सॉफ्टवेअर, असा सुरू करण्याचा क्रम कागदावर छापलेला असावा. कारण ही माहिती ज्या फाइलमध्ये असते, ती फाइल बहुधा बंद पडलेल्या मशीनमध्येच असते. बॅकअपची एक प्रत पूररेषेच्या बाहेर, दुसऱ्या इमारतीत आणि होस्टच्या पासवर्डने उघडणार नाही अशा ठिकाणी असावी.

यासाठी नवीन सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही. एक जुना पण धडधाकट संगणक, पुरेशी मोठी डिस्क आणि एक रविवार इतके पुरते. ज्या छोट्या पतसंस्थांकडे स्वतःचा तांत्रिक माणूस नाही, त्यांच्यासाठी मे महिन्यातील दोन रविवार विनामोबदला देण्याची माझी तयारी आहे. माझा पत्ता मी आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. विचारणा आल्यास तो कृपया संबंधितांना कळवावा.

आपला विश्वासू,
एक सर्व्हर व्यवस्थापक,
विश्रामबाग, सांगली