आभा नंबर जोडला, रिपोर्ट कधी जोडणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

नमस्कार जी. मी नागपुरातला एक लॅब टेक्निशियन, कुठल्या हॉस्पिटलातला ते लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून. आभा म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, त्याचा १४ आकडी नंबर आता पुष्कळ पेशंटजवळ असतो, क्यूआर स्कॅन केला की केसपेपरच्या लाइनचा ताप वाचतो, चांगलंच आहे ते. पण रिपोर्ट अजून जिथल्या तिथेच आहे साहेब.

कसं होते सांगतो. मशीनमधून हिमोग्लोबिन निघालं की लॅबच्या कॉम्प्युटरात आपोआप जाते, इथवर मस्त. पुढे हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला ते घेताच येत नाही म्हणून तोच आकडा आम्ही हाताने टाइप करतो, टीबीचा पेशंट असला तर निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर परत, गरोदर बाई असली तर तिचं पोर्टल वेगळं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं अजून वेगळं. ८.२ चं २.८ व्हायला कितीसा वेळ लागते? आणि आभाला जे लिंक होते ते बरेचदा नुसतं पीडीएफ, म्हणजे कागदाचा फोटोच. मागच्या वर्षीचं आणि आजचं हिमोग्लोबिन शेजारी शेजारी पाहायचं तर बसा एकेक फाइल उघडत.

विदर्भात हे जास्त भोवते ते सिकलसेलमुळे. २०२३ मध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ७ कोटी लोक तपासायचं टार्गेट ठेवलं. तपासणी होते गावात, पण दुखणं उठलं की पोराला घेऊन लोक येतात नागपूरला. आता प्राथमिक केंद्र तुमच्या खात्याचं, बायकांचं डागा हॉस्पिटल तुमचं, मेडिकल आणि मेयो ही सरकारी कॉलेजांची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षणवाल्यांची, एम्स केंद्राचं, आणि छिंदवाडा-बालाघाटहून येणाऱ्यांचं तर राज्यच वेगळं. पोरगं तेच, रक्त तेच, तरी परत सुई. बरं, त्याला नुकतंच रक्त चढवलेलं असलं तर एचपीएलसी या सिकलसेलच्या तपासणीत दात्याचं हिमोग्लोबिनही मिसळलेलं दिसते, काही महिने तरी त्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी जुनाच रिपोर्ट पाहिजे असते, आणि तो पडला असते दुसऱ्या खात्याच्या सर्व्हरवर.

यात नवीन काही शोधायचं नाही आहे. ईएचआरची, म्हणजे पेशंटच्या डिजिटल रेकॉर्डची, स्टँडर्ड केंद्राने २०१३ मध्येच काढली, २०१६ मध्ये सुधारली. टेस्टसाठी लॉइंक कोड आहेत, हिमोग्लोबिनचा ७१८-७, फुकट. आजारांच्या नावांसाठी स्नोमेड सीटी, भारत त्या संस्थेचा सदस्य असल्याने आपल्याला त्याचेही पैसे पडत नाहीत. माहिती पाठवायचा साचा एफएचआयआर, त्याचे भारतीय नमुने आपल्याच पुण्याच्या सी-डॅक या केंद्राच्या संगणक संस्थेत बनतात. मग काहून होत नाही? माझ्या मते घोडं पेंड खाते ते टेंडरात. सॉफ्टवेअर घेताना अट टाका ना, की डागातून पाठवलेला रिपोर्ट मेडिकलच्या स्क्रीनवर आकडा म्हणून उघडला पाहिजे, फोटो म्हणून नाही, आणि तसं सगळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. कंत्राट संपलं की सगळा डेटा त्याच साच्यात परत द्यायचा हेही लिहून घ्या. कंपनी बदलली की जुनं रेकॉर्ड कसं गायब होते ते आम्ही पाहिलं आहे, पेशंट विचारते आम्हाला आणि आम्ही पाहतो एकमेकांच्या तोंडाकडे.

एक मात्र सांभाळा. सिकलसेलचा रिपोर्ट घरचे लपवतात, पोरीचं लग्न अडते म्हणून. आभात पेशंटच्या परवानगीशिवाय रिपोर्ट पुढे जात नाही असा नियम आहे, पण खिडकीवर गर्दी असली की ऑपरेटर ओटीपी मागते, बाई सांगून टाकते, कशासाठी ते कोणीच सांगत नाही. ते मराठीत, गोंडीत, निदान दोन वाक्यं बोलून सांगायची सोय पाहिजे.

डिसेंबरात अधिवेशनाला याल तेव्हा एक सकाळ कोणत्याही सरकारी लॅबमध्ये काढा, कोणाला न कळवता. आणि येताना वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांनाही घेऊन या, नाहीतर अर्ध्या प्रश्नांवर तुम्ही म्हणाल ते माझं खातं नाही.

आपला,
नागपूरचा एक लॅबवाला