मॉरिशसचं आता फायनल करूया, पण किनारा मी सांगतो तो

प्रिय गोट्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, मागे वहिनी ओरडतायत आणि तू मधेच "बीच समोर पाहिजे" म्हणतोयस एवढंच कळलं, म्हणून म्हटलं आता सगळं लिहूनच पाठवतो, निवांत वाच आणि वहिनींनाही वाचायला दे, निर्णय त्याच घेणार आहेत हे आपल्या दोघांनाही माहितीये.

तर मॉरिशस का, ते आधी सांगतो. तू लंडनहून निघणार, मी मुंबईहून. तुला थेट विमानाने साधारण बारा तास, मला सहा-साडेसहा. हो, तुला डबल बसावं लागणार, पण तुझं रात्रीचं विमान असतं, जेवलास झोपलास की सकाळी उतरलास. मालदीव मीही बघितलं रे, फोटो मस्त, पण तिथे एका बेटावर एकच हॉटेल, दोन दिवसांनी आई विचारणार "आता काय?" आणि माझ्याकडे उत्तर नसणार. मॉरिशस म्हणजे अख्खा देश आहे, डोंगर, उसाची शेतं, बाजार, देवळं, आणि चहूबाजूंनी समुद्र. आपल्या पासपोर्टवर आधी व्हिसाही काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवायचं की विमानतळावरच शिक्का.

तारखा: तुझ्या धाकट्याला ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते ना, तीच धरू. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, त्यामुळे परत येऊन फराळ करायला हिला वेळ मिळतो (नाहीतर मला घरात घेणार नाही). हवामानाच्या हिशोबानेही बरोबर बसतं. तिकडे आपल्या उलट, जून ते सप्टेंबर थंडी, आणि वादळांचा सीझन नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, त्यातही खरा धोका जानेवारी ते मार्चला. ऑक्टोबर म्हणजे थंडी संपलेली, पाऊस कमी, पाणी पोहण्याइतकं कोमट झालेलं. ख्रिसमसला जाऊ म्हणालास तू, ते डोक्यातून काढ, तेव्हा रेट दुप्पट आणि घामाच्या धारा.

आता मुख्य मुद्दा, आणि ह्यावर मी ऐकणार नाहीये. सगळे हॉटेलचे स्टार बघत बसतात आणि किनारा कुठला ते बघतच नाहीत. तिथे वर्षभर आग्नेयेकडून वारा येतो, हिवाळ्यात तर जोरात. म्हणजे पूर्वेचा बेल मारचा किनारा दिसायला सगळ्यात देखणा, पांढरीशुभ्र वाळू, पण वारा सुटला की टोपी धरून बसायचं. पश्चिमेला आणि वायव्येला मधे डोंगर आडवे येतात म्हणून वारा कमी, पाऊस कमी, पाणी शांत. ठाण्यातल्या एका एजंटने मला पूर्वेचं फाइव्ह स्टार "स्पेशल ऑफर" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला, मी वाऱ्याचं विचारलं तर म्हणे "सर, सी ब्रीझ तर सगळीकडेच असते". च्यायला. त्याला नमस्कार करून उठलो.

माझं मत फ्लिक अँ फ्लाक, पश्चिमेला. लांबलचक किनारा, मागे सुरूची झाडं, आपल्याकडे मुरुडला आहेत तशीच, वीकेंडला तिथलीच माणसं डबे घेऊन येऊन झाडाखाली बसतात. समोरच सूर्यास्त. हॉटेल फोर स्टार चालेल, कारण तिकडे भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा कायद्याने सगळ्यांचा, महागड्या रिसॉर्टच्या समोरूनही आपण चपला हातात घेऊन आरामात चालत जाऊ शकतो. जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आत पाणी तळ्यासारखं, त्यामुळे धाकट्याची चिंता नको. फक्त पाण्यात घालायचे रबरी शूज सगळ्यांना घे, खाली काटेरी सी अर्चिन असतात, पाय पडला तर ट्रिप संपली.

दुसरं, ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे सगळं खाणंपिणं खोलीच्या पैशांतच, ते घ्यायचं नाही. मला माहितीये तुला बार फुकट दिसतोय. पण पैसे आधीच भरले की माणूस वसूल करायच्या नादात हॉटेलबाहेर पडत नाही, आणि ते बुफेचं पनीर मी ठाण्यातही खाऊ शकतो. नाश्ता आणि रात्रीचं जेवण घेऊ, दुपार मोकळी. दुपारी धोलपुरी! डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, दोन-दोनची जोडी देतात, आत वालासारख्या दाण्यांची रस्साभाजी आणि चटणी, कागदात गुंडाळून हातात. आईला पूर्ण चालणार. त्यांचा एक रुपया म्हणजे आपले जवळपास दोन, ते ध्यानात ठेव, नाहीतर सगळं स्वस्त वाटत राहील.

आईला मी गंगा तलावचं सांगितल्यापासून तीच मला तारीख विचारतेय. डोंगरावरचं तळं आहे, काठाला देवळं, आणि १०८ फुटी उभा शंकर. वर हवा गार असते, कधीही भुरभुर सुरू होते, तिची शाल आत्ताच बाजूला काढलीये. त्याच दिवशी खाली शामारेलची सात रंगांची माती करून येऊ, अर्धा तास पुरे तिथे. डॉल्फिन बघायला मी येणार नाही, पहाटे वीस बोटी मिळून त्या बिचाऱ्यांच्या मागे लागतात. तुम्ही जा. आणि तो "पाण्याखालचा धबधबा" तू पाठवला होतास ना, तो ल मॉर्नच्या समुद्रात वाळू खाली सरकते त्याने तसा भास होतो, दिसतो फक्त वरून, हेलिकॉप्टरमधून. बिल तू भरणार असशील तर चल.

राजधानी पोर्ट लुईसचा एक दिवस मात्र माझा. तिथे बंदरावर आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून आपल्याकडून लोक उसाच्या मळ्यांवर करारावर नेले, जवळपास साडेचार लाख माणसं ह्या बेटावर उतरली, त्यातल्या बऱ्याच जणांना त्या घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढून आत जावं लागलं. बिहारकडचे सगळ्यात जास्त, पण त्यात आपले कोकणातलेही होते रे, मुंबई बंदरातून गेलेले. त्यांची पतवंडं घरी क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून झालेली बोली, बोलतात, पण शाळेत मराठी शिकायची सोय आहे, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, आणि ऐक, आपला कोकणातला जाकडी नाच अजून नाचतात! चिपळूणला आता लग्नात डीजे लागतो आणि तिकडे ढोलकीवर जाकडी. कोणी भेटलं तर तू बोलायचंस, तुझी कोकणी फोडणी माझ्यापेक्षा बरी आहे.

आणि तुझ्यासाठी खास: तू ते कागद घेऊन सिगारेटी वळत बसतोस ना, ते कागद तिकडे न्यायला बंदी आहे. व्हेपही नाही. विमानतळावर पकडलास तर मी ओळख दाखवणार नाही. आईच्या आणि तुझ्या गोळ्यांची डॉक्टरची चिठ्ठी मात्र सोबतच्या बॅगेत ठेवू, औषधांच्या बाबतीत फार कडक आहेत.

गाडी डावीकडूनच चालवतात, म्हणून मी भाड्याने घेऊन चालवायला तयार आहे, पण वहिनींना माझं ड्रायव्हिंग आठवत असेल तर टॅक्सी दिवसभरासाठी ठरवू, भाव मात्र बसायच्या आधी.

तर तू फक्त दोन कामं कर. धाकट्याच्या सुट्टीच्या पक्क्या तारखा पाठव, आणि तिकिटाचा रेट रविवारपर्यंत बघून ठेव, मी इथलं बघतो. खोल्या शेजारशेजारच्या मागू, पण मधे दार असलेल्या नकोत, तुझं घोरणं होस्टेलला चार वर्षं ऐकलंय.

तुझाच,
जाड्या

ता.क. आई विचारतेय तिकडे एकादशीला साबुदाणा मिळेल का. मी पिशवीत भरतोच आहे, तू शेंगदाण्याचं कूट आणू नकोस, तुझं नेहमी खवट असतं.