सिस्टर, फुलपात्रावरची ती पट्टी अजून तशीच आहे

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपल्याला आम्ही कदाचित आठवतही नसू, कारण एंडोस्कोपी विभागाबाहेरच्या त्या बाकांवर रोज कितीतरी माणसे फायली मांडीवर घेऊन बसतात. मार्च महिन्यात सातारा जिल्ह्यातून एसटीने आलेले, धोतर-टोपीतले चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा आणि त्यांच्यासोबत आलेली त्यांची सून, ती मी. कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे मोठे आतडे कॅमेऱ्याच्या नळीने आतून पाहण्याच्या तपासणीआधी, आतडे साफ करण्याचे औषध कसे घ्यायचे, हे आपण आम्हांला समजावून सांगितले होते. त्याला आता तीन महिने झाले, तरी हे पत्र लिहायला बसले की डोळे भरून येतात, म्हणून दोनदा अर्धवट सोडले. आज पूर्ण करते आहे.

आपल्याकडे येण्याआधी आमचे काय झाले होते, ते त्या दिवशी मी आपल्याला धड सांगू शकले नाही. आबांचे हिमोग्लोबिन ८.२ पर्यंत उतरले होते आणि शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारे रक्त सापडले होते, म्हणून डिसेंबरमध्ये एका मोठ्या रुग्णालयात कोलोनोस्कोपी ठरली. तिथे आम्हांला इंग्रजीत छापलेला एक कागद आणि आतडे साफ करणाऱ्या सोडियम फॉस्फेट या औषधाच्या बाटल्यांची चिठ्ठी मिळाली. खिडकीतून कागद सरकवणाऱ्या व्यक्तीने वर पाहिलेसुद्धा नाही. आबांना मधुमेह आहे, मूत्रपिंडे आधीच थोडी कमजोर आहेत, रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे, हे सगळे फाईलमध्ये लिहिलेले होते. फाईल उघडून पाहण्याची तसदी कुणी घेतली असती, तर पुढचे सारे टळले असते.

कागदावरचे आहाराचे इंग्रजी शब्द मला अर्धेच कळले. त्यामुळे आदल्या दिवशी दुपारी आबा नेहमीसारखे ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी जेवले, आणि मीच ते वाढले. औषधाबरोबर पुष्कळ पाणी पिणे किती गरजेचे आहे, हे कुणी तोंडाने सांगितले नाही. उलट रात्रभर उठावे लागेल या भीतीने आबांनी पाणी कमीच घेतले. आमचा संडास अंगणापलीकडे आहे. रात्री दोनच्या सुमारास सहाव्या की सातव्या वेळी तिकडे जाताना त्यांना घेरी आली आणि ते तुळशीकट्ट्याजवळ कोसळले. कपाळाला खोक पडली. तशाच अवस्थेत सकाळी आम्ही त्यांना तपासणीला नेले, तेव्हा 'तयारी अपुरी' एवढे दोन शब्द लिहून त्यांनी आम्हांला परत पाठवले, पैसे मात्र पूर्ण घेतले. वर ऐकून घ्यावे लागले की, एवढे साधे औषध घरी नीट देता येत नाही का? चार दिवसांनी रक्त तपासले तेव्हा एरवी १.४ असणारे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कमजोर झाली की रक्तात वाढणारा घटक, २.३ झाले होते.

सिस्टर, त्या वाक्याने माझ्या मनाला जी टोचणी लावली, ती मी कुणाजवळ बोलले नाही. माझे यजमान मुंबईला नोकरीला, सासूबाईंना जाऊन सहा वर्षे झाली, म्हणजे आबांचे खाणेपिणे सगळे माझ्याच हाती. माझ्याच हातून काहीतरी चुकले आणि माझ्यामुळे त्यांची मूत्रपिंडे गेली, असेच मी धरून चालले होते. आमच्या गावाकडच्या डॉक्टरांनी नंतर समजावले की हे औषध शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते, त्यातच फॉस्फेटचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि वयस्कर, मूत्रपिंड कमजोर असलेल्या किंवा अशा गोळ्या चालू असलेल्या रुग्णांना त्यापासून खरा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ सालीच या कामासाठीच्या सोडियम फॉस्फेटच्या गोळ्यांवर मूत्रपिंडाच्या इजेबाबत सर्वांत ठळक इशारा छापायला लावला होता, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. म्हणजे ही माहिती जगाला होती. आमच्यापर्यंत ती पोहोचवणे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही, आणि दोष मात्र आमच्या पदरात टाकला.

आबांनी पुन्हा तपासणी करायला साफ नकार दिला. "मरायचं तर माझ्या घरात मरेन, पण ते औषध नको," असे ते म्हणत. तीन महिने विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ते आपल्याकडे यायला तयार झाले, तेही 'नुसते विचारून येऊ' या बोलीवर.

आपण आम्हांला आत बोलावले आणि पहिला प्रश्न मला नाही, आबांना विचारलात. "आबा, घरी पाणी कशानं पिता?" मला वाटले, आपण सहज काहीतरी बोलत आहात. आबा म्हणाले, "फुलपात्रानं." प्रवासाला निघताना ते तांब्या-फुलपात्र पिशवीत घेऊनच निघतात, बाटलीने पाणी पिणे त्यांना जमत नाही. आपण ते मागून घेतले. पन्नास मिलीलिटरची मोठी सिरिंज आणली, ती पाण्याने चार वेळा भरून फुलपात्रात रिती केली, आणि पाणी जिथवर आले तिथे बाहेरून चिकटपट्टी लावण्यासाठी खिशातून पांढऱ्या पट्टीचे रीळ काढलेत. पट्टी कापून हातात धरलीत आणि थांबलात. फुलपात्रावर कोरलेले नाव आपल्याला दिसले होते. "हे नाव कुणाचं, आबा?" आबा म्हणाले, "आमच्या मंडळींचं. लग्नात आलेलं भांडं आहे." मग आपण ते फुलपात्र फिरवून घेतलेत, आणि नावाचे एक अक्षरही झाकले जाणार नाही अशा बेताने, नाव संपते तिथून पुढे ती पट्टी लावलीत. नखाने कड दाबून बसवलीत.

या सगळ्याला फार तर दोन मिनिटे लागली असतील. पण त्या दोन मिनिटांत आबांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा गेला, तो मी पाहिला. "या खुणेपर्यंत पावडरीच्या औषधाची पाच फुलपात्रं रात्री, पाच पहाटे. एका दमात नाही, दोन फुलपात्रांत पाव तास जाऊ द्या. मळमळलं तर थांबा, अर्ध्या तासानं पुन्हा घ्या," असे आपण सांगितलेत, आणि ज्या माणसाला मिलीलिटर म्हणजे काय हे माहीत नव्हते, त्याने ते एका फटक्यात पाठ केले. आम्हांला घरी गेल्यावर काही मोजावे लागले नाही, कागद वाचावा लागला नाही.

दुसरा प्रश्न आपण विचारलात तो संडासाचा. घरात आहे की बाहेर, रस्त्यात उंबरा आहे का, रात्री दिवा असतो का. डिसेंबरमध्ये हा प्रश्न कुणी विचारला असता तर आबांच्या कपाळावर आज व्रण नसता. पहाटेचे औषध पिऊन एसटीत बसणे शक्य नाही, म्हणून शहरात कुणी पाहुणे आहेत का, हेही आपणच विचारलेत आणि नणंदेच्या घरी मुक्काम करायचे ठरवून दिलेत. आत गेल्यावर कडी लावायची नाही, हे आपण आबांना बजावले आणि त्यांनी ते निमूटपणे ऐकले, ही गोष्ट घरात कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही.

गोळ्यांची पिशवी आपण टेबलावर पालथी केलीत, एकेक पाकीट वेगळे ठेवलेत आणि प्रत्येकाबद्दल डॉक्टरांना विचारून आलात. लोहाची गोळी आठवडाभर आधीच बंद, कारण तिने आतला मळ काळा आणि चिकट होतो. मधुमेहाची एक गोळी तीन दिवस आधी बंद, कारण पोट रिकामे असताना तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते. रक्तदाबाची ती गोळी त्या दोन दिवसांपुरती थांबवायची. मी नारळपाण्याचे विचारले, तर आपण म्हणालात की इतरांना चालते, पण आबांच्या मूत्रपिंडांना त्यातले पोटॅशियम झेपायचे नाही. त्याऐवजी साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी आणि बिनदुधाचा चहा द्या, कोकम सरबत मात्र नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. इतरांसाठीचा सल्ला वेगळा आणि आबांसाठीचा वेगळा, एवढा विचार आमच्या माणसासाठी कुणीतरी केला, हे ऐकतानाच माझा जीव भांड्यात पडला होता.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. सासऱ्यांना सुनेने शौचाचा रंग विचारायचा, ही आमच्या घरात न होणारी गोष्ट आहे. ना मला विचारता आले असते, ना त्यांना सांगता. आपण ते ओळखलेत. मला बाहेरून पाणी आणायला पाठवलेत आणि मी परत येताना दारातच ऐकले, "आबा, शेवटी गोमूत्रासारखं स्वच्छ पिवळं पाणी पडलं पाहिजे, खालचा तळ दिसला पाहिजे. ताईंना बाकी काही सांगू नका, 'तळ दिसला' एवढंच म्हणा."

तपासणीच्या दिवशी पहाटे पाच वाजता आबांनी स्वतःहून सहावे फुलपात्र मागितले. आदल्या दोन दिवसांत मऊ भात, दही आणि गाळलेले वरणाचे पाणी यापलीकडे मी काही दिले नव्हते. रात्रीच्या पाच फुलपात्रांनंतरही पोटात उरते ते रात्रभरात पुन्हा उजव्या बाजूच्या आतड्यात उतरते, म्हणून पहाटेचा अर्धा भाग चुकवायचा नाही, हे आपण सांगितलेले मला आठवत होते. पण मला आठवण करून द्यावी लागली नाही. ते पावडरीचे गार केलेले खारट पाणी ते पट्टीपर्यंत मोजून पीत होते आणि मध्ये लिंबाची फोड चोखत होते. सव्वासहाला दहावे फुलपात्र संपले. साडेसातच्या सुमारास आतून बाहेर आले, भिंतीला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तळ दिसला."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, सिस्टर. नणंदेला वाटले, काही वाईट झाले.

अहवाल आपण पाहिला असेलच. आतड्याच्या तीन भागांना स्वच्छतेचे शून्य ते तीन असे गुण देतात, त्यात आबांना नऊपैकी आठ मिळाले. उजव्या बाजूला, जिथे डिसेंबरमध्ये काहीच दिसू शकले नव्हते, तिथे बारा मिलिमीटरचा एक चपटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठीसारखी वाढ, सापडला आणि डॉक्टरांनी तो त्याच वेळी काढला. तपासणीत तो कर्करोग नसलेला, पण पुढे होऊ शकणारा निघाला. आत मळ राहिला असता तर असा चपटा पॉलिप त्याखाली सहज लपून राहतो, असे डॉक्टर म्हणाले. हिमोग्लोबिन आता ११ च्या वर आहे. क्रिएटिनिन पूर्वीच्या १.४ वर काही आले नाही, १.८ वर थांबले आहे, आणि दर महिन्याला तो आकडा पाहिला की त्या खिडकीतला कागद सरकवणारा हात मला आठवतो.

तो राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जावा असे मला वाटतही नाही. पण आपल्याला भेटल्यापासून एक गोष्ट मला नव्याने दिसू लागली आहे. एसटीत म्हातारीची पिशवी वर चढवून देणारा कंडक्टर, बँकेत चष्मा नसलेल्या माणसाची पावती भरून देणारी मुलगी, औषधाच्या दुकानात 'जेवणाआधी' हे मराठीत पाकिटावर लिहून देणारा पोऱ्या, अशी माणसे पूर्वीही माझ्या आजूबाजूला होती. मी त्यांच्याकडे नीट पाहिले नव्हते. यातल्या कुणालाही त्यासाठी वेगळा पगार मिळत नाही. आपल्यालाही त्या पट्टीसाठी मिळाला नसणार.

आमच्या वाडीतल्या दोघांना नंतर हीच तपासणी करायची वेळ आली. एकीला घेऊन मी स्वतः तिच्या डॉक्टरांकडे गेले आणि तिच्या गोळ्यांची पिशवी त्यांच्यासमोर पालथी केली. दुसऱ्याला आबांनी बोलावून घेतले आणि फुलपात्र दाखवून म्हणाले, "आधी तुझं भांडं मोजून घे."

ते फुलपात्र मी रोज घासते. पट्टीची एक कड आता पिवळी पडून सुटू लागली आहे, म्हणून तिथे हात हलका ठेवते. मध्ये मी काढून टाकू का विचारले, तर आबा म्हणाले, "राहू दे, कुणाच्या अंगावर येतंय?" तीन वर्षांनी पुन्हा तपासणीला बोलावले आहे. आपण तेव्हा तिथेच असाल अशी आशा करते. तोवर ही पट्टी टिकली नाही, तर येताना फुलपात्र घेऊन येऊ; आपण पुन्हा लावून द्यावी, नाव मोकळे ठेवून.

आपली कृतज्ञ,
आबांची सून