यादी ठरली, प्रोजेक्टरचा दिवा मात्र थकलाय: आपल्या थिएटरला हातभार लावा

मंडळी नमस्कार,

पुढच्या सीझनची यादी एकदाची फायनल झाली. इतकी सरमिसळ यादी आपण बऱ्याच काळात लावली नव्हती, कमिटीत यावरून भांडणंही झाली आणि ती व्हायलाच हवीत. पण यादी कागदावर लावणं वेगळं आणि ती पडद्यावर नेणं वेगळं, आणि तिथेच आपली गाडी अडलीय, म्हणून हे आवाहन.

आधी काय लावतोय ते तर बघा. लहान मुलांसाठी सकाळच्या शोला लोटे रायनिगरचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अखमेद', 1926 सालचा. आज शिल्लक असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत हा सगळ्यात जुना, आणि या बाईंनी तो काळ्या कार्डबोर्डच्या बाहुल्या कात्रीने कापून, त्यांचे सांधे तारेने जोडून, एकेक फ्रेम हलवत केलाय. नुसत्या सावल्या आहेत, तरी राजकुमार घाबरलाय की रुसलाय ते मानेच्या एका हालचालीवरून कळतं. मग 'मेट्रोपोलिस' आहे, 1927 चा. पहिल्यांदा दाखवल्यावर त्याची जी कापाकापी झाली ती झालीच, गेलेला भाग कायमचा गेला असं सगळे धरून चालले होते, आणि 2008 साली ब्युनोस आयरेसच्या एका म्युझियममध्ये 16 एमएमची कॉपी सापडली, सुमारे 25 मिनिटं परत मिळाली. ते तुकडे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, पडद्यावर एकदम ओरखड्यांचा पाऊस सुरू होतो आणि चौकट लहान होते. काही लोकांना वाटतं प्रोजेक्टर बिघडला. नाही हो, तो भाग तसाच आहे आणि तसाच बघायचाय.

'पथेर पांचाली' पण आहे. 1955 चा सिनेमा, मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळली, आणि तरी बरीच वर्षं जपून ठेवलेल्या त्या जळक्या रिळांमधून जे वाचवता आलं ते हातांनी कडा दुरुस्त करत वाचवलं, 2015 मध्ये नवी प्रत लोकांसमोर आली. आपला 'संत तुकाराम' आहे, 1936 चा, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेलेला. रात्रीच्या शोला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) आणि एका निवांत रविवारी शांताल अकरमनचा 'जान दिएलमान', 201 मिनिटं. यात बाई बटाटे सोलते तेव्हा ती खरंच बटाटे सोलते, मध्ये कट नाही. 2022 साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात समीक्षकांनी याला पहिला नंबर दिला तेव्हा बरेच जण चिडले होते, आमच्या कमिटीतलेही. या आणि इथे येऊन चिडा.

आता पैशांचं. लोकांना वाटतं तिकीट विकलं की सिनेमाचा खर्च निघाला. होतं काय, की हक्क ज्यांच्याकडे आहेत ते बहुतेकदा एमजी मागतात, म्हणजे मिनिमम गॅरंटी, हॉलमध्ये दहा माणसं असोत की हॉल फुल्ल असो, तेवढे द्यायचेच, वर कलेक्शन जास्त झालं तर त्यात हिस्सा. गाजलेला सिनेमा ती सहज भरून काढतो आणि उरलेल्या पैशांत बाकीच्या दोन-तीन सिनेमांना सांभाळून घेतो, आपलं सगळं गणित एवढ्यावरच चालतं. पण 'जान दिएलमान'सारखा सिनेमा संध्याकाळचा आणि रात्रीचा असे दोन्ही शो एकटाच खातो, म्हणजे एमजी एकाची आणि बुडाले दोन शो. कुणी म्हणेल मग असले सिनेमे काढून टाका ना. काढू, आणि मग जे सगळीकडे लागलंय तेच आपल्याकडेही लागेल, त्यासाठी वेगळं थिएटर कशाला चालवायचं?

बरं, हक्काचे पैसे टाळून चालत नाही. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चंच बघा. ऐनवेळी नाव बदललं, नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, आणि अमेरिकेत तो सिनेमा सरळ पब्लिक डोमेनमध्ये गेला. कुणीही लावा, कुणीही विका, बनवणाऱ्यांच्या हातात त्यातलं फारसं काही आलं नाही. म्हणून आपण पैसे देऊन दाखवतो, यावर कमिटीत वाद नाही.

दुसरा खर्च दिव्याचा. आपल्या प्रोजेक्टरमध्ये झेनॉनचा दिवा आहे. क्वार्ट्झची नळी, आत गॅस प्रचंड प्रेशरखाली, वापरून वापरून काच काळवंडते आणि उजेड उतरतो. पडद्यावर 14 फूट-लँबर्ट (हे पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असा स्टँडर्ड आहे, आणि आपण त्याच्या बरेच खाली आलोय. रंगीत सिनेमात पटकन लक्षात येत नाही, पण 'पथेर पांचाली'तला पावसाआधीचा तो करडा उजेड अंधारात गडप झाला तर दाखवून काय उपयोग? शिवाय तासांची मर्यादा ओलांडलेला दिवा आत फुटू शकतो आणि जाताना आरसाही घेऊन जातो. बदलतानासुद्धा तोंडावर शील्ड आणि हातात जाड ग्लोव्हज लागतात, त्यामुळे हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्यायचं, त्याचेही पैसे धरलेत.

म्हणजे दोन खाती आहेत, एक दिव्याचं आणि एक एमजीचं. देताना कुठल्यासाठी ते सांगा, नाही सांगितलंत तर आधी दिवा. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, आणि जमा-खर्च तिकीट खिडकीशेजारच्या बोर्डावर लागेल. चार-पाच जणांनी मिळून एका सिनेमाची एमजी उचलली तर फारच छान, शोच्या आधी तुमचं नाव वाचून दाखवू, नको असेल तर नाही वाचणार.

पैसे नसतील तर वेळ द्या. सबटायटल आधी तपासून घ्यायला डोळे हवेत, कारण डीसीपी (म्हणजे थिएटरसाठी येणारी सिनेमाची डिजिटल कॉपी) आली आणि सबटायटल भलत्याच भाषेतली निघाली तर शोच्या दिवशी काही करता येत नाही, आणि ती कॉपी उघडणारी डिजिटल किल्ली फक्त ठरलेल्या तारखांपुरतीच चालते, त्यामुळे तपासायला वेळही थोडाच मिळतो. गेटवर, खिडकीवर माणसं हवीत. आणि 'प्रिन्स अखमेद'साठी लाइव्ह संगीत करायचं मनात आहे, कुणी पियानो, हार्मोनियम, बासरी, काहीही वाजवणारं असेल तर कळवा. सिनेमा तासाभराचा आहे, पण रिहर्सलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ काढावा लागेल हे आधीच सांगतो.

एक विनंती, जुन्या डीव्हीडी आणून देऊ नका. भावना पोचतात, पण मोठ्या पडद्यावर ते चित्र फाटतं आणि घरी बघायच्या कॉपीत जाहीर शोचे हक्क नसतात.

वीकडेच्या शोला या, एकटे आलात तरी चालेल. आणि दिव्याची ऑर्डर दिल्यावर तो यायला वेळ लागतो, पहिल्या शोच्या आधी बसवून टेस्टही करायचाय, तेव्हा त्या खात्यात जे द्यायचं ते जरा लवकर द्या.