हिशेबनीस नेमण्याआधी : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कामं वाढली, हाताखाली माणसं आली, उधारीवर माल नेणारी गिऱ्हाइकं वाढली आणि जमाखर्च लिहायला रात्री डोळे उघडे राहत नाहीत, हे वाचून खरंच आनंद झाला. शेवटी एका ओळीत तू विचारलंस, ‘एखादा चांगला अकाउंटंट सुचव.’ नाव सुचवीन रे, पण त्याआधी काही गोष्टी तुझ्याशी नीट बोलायच्या आहेत.

तुझ्या पत्रात तीन कामं एकत्र झाली आहेत. रोजची बिलं, पावत्या, बँकेतली आवकजावक, कोणाकडून किती येणं आणि कोणाचं किती देणं, हे लिहून ठेवणं हे एक काम. त्या नोंदींवरून वर्षाचा नफातोटा आणि ताळेबंद काढणं, कराचं विवरणपत्र भरणं, हे दुसरं. आणि हिशेब खरे आहेत की नाहीत हे बाहेरच्या माणसाने तपासणं, म्हणजे ऑडिट, हे तिसरं. हे तिसरं तुला लागलंच, तर ते पहिल्या दोघांकडे अजिबात देऊ नकोस. स्वतः लिहिलेला हिशेब स्वतःच तपासण्याला काही अर्थ नसतो. आत्ता तुझी खरी अडचण पहिल्या कामाची आहे. त्यासाठी आठवड्यातून काही तास येणारा नेटका हिशेबनीस पुरे. दुसऱ्या कामासाठी रीतसर परीक्षा दिलेला, नोंदणी असलेला अकाउंटंट हवा, पण तो रोज लागत नाही. सगळंच मोठ्या फर्मकडे सोपवलंस तर तुझ्या नोंदी बहुधा तिथला एखादा शिकाऊ मुलगा करील आणि फी मात्र मोठ्या नावाची जाईल.

आता माणूस कसा पारखायचा? किती वर्षांचा अनुभव आहे, हे सगळेच विचारतात आणि उत्तरही सगळ्यांचं छान असतं. तू त्याला काम करताना बघ. मी आमच्याकडे माणूस नेमताना प्रत्येकासमोर एका जुन्या महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि आमच्या बँकबुकाची, म्हणजे बँकेतल्या व्यवहारांची आम्ही लिहिलेल्या वहीची, प्रत ठेवली होती. दोन्हीकडची शिल्लक जुळत नव्हती. एकाने आकडे पाहिले आणि म्हणाला, ‘थोडाच फरक आहे, किरकोळ खर्चात टाकून जुळवून घेऊ.’ दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पेन्सिल मागून घेतली. दिलेले पण अजून न वटलेले चेक बाजूला काढले, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस लिहून घेतले, आणि तरीही २७० चा फरक राहिला तेव्हा म्हणाल्या, ‘याला ९ ने भाग जातोय, कुठेतरी अंक उलटे पडले असतील.’ खरंच, ८५० ची एक जमा ५८० अशी उतरवली गेली होती. शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. ते सापडलं नसतं तर त्या बाई २७० च्या निम्म्या, म्हणजे १३५ ची एखादी नोंद शोधणार होत्या, कारण जमेची रक्कम उलट बाजूला, म्हणजे नावे, पडली की फरक दुप्पट दिसतो.

त्या बाईंनाच आम्ही नेमलं. फरक केवढा होता याला माझ्या लेखी महत्त्व नव्हतं. छोटा फरक ही कधीकधी दोन मोठ्या चुकांची वजाबाकी असते, आणि तो ‘जुळवून’ टाकणारा माणूस दोन्ही चुका कायमच्या पुरून टाकतो. फरकाचं कारण सापडेपर्यंत ज्याला चैन पडत नाही तो आपला माणूस.

भाचा मोकळाच आहे, त्यालाच बसवू का, असं तू लिहिलंस. मला विचारशील तर नको. मुलगा गुणी आहे, त्याच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हिशेब लिहिणाऱ्याची तपासणी अधूनमधून करावीच लागते, आणि तू भाच्याची वही तपासायला घेतलीस की ताईला वाटेल अविश्वास दाखवला. मग तू तपासणंच सोडशील.

तपासणी का हवी ते सांगतो. समज, गिऱ्हाइकांचे पैसे घेणारा आणि ते वहीत लिहिणारा माणूस एकच आहे. एकाने दिलेली रोख रक्कम त्याने लिहिलीच नाही, खिशात घातली. दुसऱ्याचे पैसे आले की ते पहिल्याच्या खात्यावर जमा केले, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. एकेकाची थकबाकी थोडी उशिरा फिटतेय एवढंच तुला दिसेल, आणि बाजारात मंदी आहे म्हणून तू गप्प बसशील. हा खेळ चालू ठेवायला त्या माणसाला रोज हजर राहावं लागतं. तो रजेवर गेला की उघडं पडतं. कित्येक बँकांमध्ये कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग रजा सक्तीने घ्यायला लावतात, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून पैसे घेणारा एक आणि लिहिणारा दुसरा, एवढं तरी कर. बँक स्टेटमेंट आधी तुझ्याकडे येऊ दे, तुझ्या नजरेखालून गेल्यावरच हिशेबनिसाकडे जाऊ दे. चेकवर सही तुझीच. आणि गिऱ्हाइकांना थकबाकीचे उतारे वहिनींनी पाठवावेत; कुणाचा आकडा जुळला नाही तर तो फोन थेट तुमच्याकडे येईल. जो हिशेबनीस ही व्यवस्था ऐकून नाराज होतो, त्याला नमस्कार करून निरोप दे. चांगला माणूस उलट खूश होतो, कारण यात त्याच्या अब्रूचंही रक्षण आहे.

पाचशे वर्षांहून जुनी एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत मांडली, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे लिहायचा. त्यात तीन वह्या आहेत : घडेल तसं लिहायची कच्ची वही, मग तारीखवार नोंदींची रोजकीर्द, मग खातेवार नोंदींची खतावणी. जाणकाराचं काम पुढच्या दोन वह्यांचं. कच्ची वही मात्र व्यापारी किंवा त्याच्या घरचं कुणीही लिहू शकतं. तुझ्याकडेही ही पहिली वही तुझ्याच हातात राहू दे. प्रत्येक व्यवहाराचा कागद, त्यावर कशासाठी आणि कोणाला हे दोन शब्द, एवढं झालं की पुढचं काम कोणीही पुढे नेऊ शकतं. हे नसेल तर हुशारातला हुशार अकाउंटंटही अंदाजच लिहील.

सॉफ्टवेअरचं लायसन तुझ्या नावावर घे. कर खात्याच्या पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबरही तुझाच हवा. हिशेबनिसाला त्याचं वेगळं लॉगिन दे, आणि दर महिन्याला बॅकअप स्वतःजवळ ठेव. माझ्या एका ओळखीच्याने अकाउंटंट बदलायचं ठरवलं, तेव्हा जुन्याने सगळा डेटा अडवून ठेवला. वर्षभराची बिलं पुन्हा उकरून नोंदी कराव्या लागल्या, त्यात दंड भरावा लागला तो वेगळाच. काम सोडताना काय काय आणि किती दिवसांत परत द्यायचं, हे नेमतानाच लिहून घे. त्याच कागदावर फी, तिच्यात काय येतं आणि कशाचे वेगळे पैसे, हेही येऊ दे. ‘कर शून्यावर आणून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. विवरणपत्र तुझ्या नावाने जातं, उद्या नोटीसही तुझ्याच नावाने येईल.

भेटीत एक प्रश्न मात्र जरूर विचार : ‘वहीत नफा दिसतोय, मग बँकेत पैसे का नाहीत?’ उधारीत अडकले, मालात गुंतले, कर्जाच्या हप्त्यात मुद्दल गेलं, तू घरखर्चाला उचललेस, असं तुझ्याच कागदांवर बोट ठेवून तो सांगत गेला पाहिजे. अवघड शब्दांत गुंडाळून टाकलं, तर पुढेही तुला असंच गुंडाळत राहील.

पहिले तीन महिने परीक्षेचे ठरव आणि प्रत्येक महिन्याचा ताळमेळ पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत मागून घे. दोनतीन जणांना भेटून झालं की मला कळव, मी त्या सुमारास तुझ्याकडे येऊन वह्या बघायला बसेन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र