महापौर कोण ते छापता, स्थायी समितीत कोण ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार,

जानेवारी २०२६ ला आपल्या कोल्हापूर महापालिकेचं मतदान झालं त्या दिवशी आईला घेऊन केंद्रावर गेलो होतो. अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची, आई सत्तरीची, प्रत्येक बटण दाबलं की आतल्या पोरीला "झालं का गं?" असं विचारत होती ते बाहेर दारापर्यंत ऐकू येत होतं. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "चौघांस्नी मत दिलं रे, पण त्यातला आपला कुठला?" मला पटकन सांगता आलं नाही, आणि तेच डोक्यात घोळतंय म्हणून हे पत्र.

२०१५ ला सोपं होतं. ८१ प्रभाग, ८१ नगरसेवक, सकाळी दारात जाऊन हाक मारायची. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, मग पाच वर्षं नुसता प्रशासक, आणि आता जे सभागृह आलंय त्यात नगरसेवक ८१ च आहेत पण प्रभाग वीस, एकोणीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. २०११ च्या जनगणनेतली साडेपाच लाख लोकसंख्या धरली तर आधी पावणेसात हजार लोकांमागं एक माणूस होता, आता साडेसत्तावीस हजारांमागं चौघं. कायद्यानं हे चौघंही अख्ख्या प्रभागाचे आहेत, अमकी गल्ली ह्याची आणि तमकी त्याची अशी वाटणी कुठं लिहिलेली नाही. तरी शेजारच्या काकूंनी तुंबलेल्या ड्रेनेजच्या चेंबरसाठी एकाला फोन लावला तर "तो भाग माझ्याकडं नाही, त्यांना लावा" म्हणून सांगितलं, त्यांचा फोन लागेना, आणि तीन दिवस काकू दारात विटा टाकून त्यावरनं ये-जा करत होत्या. हे लोकांना सांगायला पाहिजे की चौघांपैकी कुणालाही सांगा, कुणालाच नाही म्हणायचा अधिकार नाही.

कॉलेजला असताना मी वडिलांबरोबर एकदोनदा प्रेक्षक गॅलरीत बसून सर्वसाधारण सभा बघितलीय. वर महापौर, शेजारी आयुक्त, नगरसचिव विषय वाचून दाखवणार आणि खालनं मंजूर मंजूरचा गलका. त्या गलक्यात एक नगरसेवक उभे राहिले, हातात शाळेच्या पोरांची असते तसली दोनशे पानी वही, आणि त्यांनी आपल्या प्रभागातल्या विजेच्या खांबांचे नंबर एकेक करून वाचले, कुठल्या खांबावर दिवा नवा पाहिजे, कुठला खांब वाकलाय. सगळं सभागृह गप्प झालं आणि अधिकारी लिहून घेत होते. वडील म्हणाले, ह्याला म्हणायचं नगरसेवक. मला सभागृह म्हटलं की अजून ती वही आठवते.

पण साहेब खरी गोष्ट अशी की त्या सभागृहात दिसतं तेवढ्यावर गावाचा कारभार चालत नाही. आपल्याकडं सगळी चर्चा महापौरपदाची. कायद्यानं महापौर अडीच वर्षांचा, पण कोल्हापुरात त्या पदाची खांडोळी करायची जुनी सवय, २०१५ च्या सभागृहात पाच वर्षांत सात-आठ महापौर झाले, म्हणजे खुर्चीवर बसून फायली समजेपर्यंत राजीनामा द्यायची वेळ. तेवढ्या वेळात कुठलं काम मार्गी लावणार? आणि दर वेळी पेपरात पहिल्या पानावर फोटो, गुलाल, मिरवणूक. पैशाच्या चाव्या मात्र स्थायी समितीकडं. तिथं सोळा जण, पक्षांच्या संख्याबळाप्रमाणं निवडलेले, त्यातले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात आणि सभापती दर वर्षी नवीन. आयुक्त बजेट आधी स्थायीपुढं ठेवतात, तिथनं ते महासभेत म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेत येतं, आणि मोठमोठ्या टेंडरचा निर्णय स्थायीतच होतो. आयुक्त तर राज्य सरकारनं नेमलेले, त्यांना जाब विचारायची मुख्य जागा स्थायीच. केएमटीसाठी, म्हणजे महापालिकेच्या बससाठी, परिवहन समिती वेगळी, महिला बालकल्याण वेगळी, निवडून न येता नेमलेले स्वीकृत नगरसेवक वेगळे, त्यांना बोलता येतं पण मत देता येत नाही. हे सगळं मी स्वतः पन्नाशीत येऊन नीट वाचलं, शाळेत नागरिकशास्त्रात दोन मार्काला असायचं तेवढंच.

आणि सगळ्यात जवळची समिती कुणाच्या गावीच नाही, ती म्हणजे प्रभाग समिती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना ती दिली. आपल्याकडं गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत, त्या त्या भागातले सगळे नगरसेवक आणि तिथला अधिकारी एका टेबलावर बसणार. पाणी, ड्रेनेज, कचरा, पावसाच्या पाण्याचा निचरा, ह्या तक्रारी लवकर मिटवणं हेच तिचं काम म्हणून कायद्यात लिहिलंय, आणि आपल्या भागासाठी बजेटमध्ये काय धरावं ते सुचवायचं पण. समाजकार्य करणाऱ्या संस्थांचे तीन जण सुद्धा घेता येतात. आपल्याकडं पेठापेठांत तालमी आहेत, मंडळं आहेत, महापुरात २०१९ ला आणि २०२१ ला हीच पोरं गुडघाभर पाण्यात उतरून लोकांना बाहेर काढत होती, बचत गटाच्या बायका जेवण करून देत होत्या. ती माणसं घ्या की त्या तीन जागांवर, पक्षाचं तिकीट हुकलेला माणूस तिथं नको. काकूंच्या चेंबरचा विषय खरं तर तिथला. चौघं नगरसेवक आणि अधिकारी समोरासमोर असले की "माझ्याकडं नाही" म्हणायला जागा राहत नाही.

तेव्हा माझी विनंती तुमच्या पेपरला आहे आणि नगरसेवकांना पण. स्थायीतल्या सोळा जणांची नावं प्रभाग नंबरासकट एकदा मोठ्या अक्षरात छापा, लोक कापून भिंतीला लावतील. महासभेचे विषय सभेच्या आधी छापा, आधीच्या यादीत नसलेले ऐनवेळचे विषय किती आले आणि कुणी आणले ते दुसऱ्या दिवशी छापा. चारही प्रभाग समित्यांची तारीख आणि वेळ दर महिन्याला एका ठरलेल्या चौकटीत द्या. आणि ह्या समित्या दुपारी ऑफिसात बसण्यापेक्षा संध्याकाळी सातला भागातल्या एखाद्या शाळेत किंवा मंडळाच्या हॉलमध्ये बसल्या तर कामावरनं आलेला माणूस पण येईल. पहिली तारीख छापून आली की मी आईला आणि काकूंना घेऊन येतो, काकूंनी चेंबरचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलेत.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर