मंत्रीसाहेब, माझ्या आईची साक्ष मशीनने बदलली

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी रत्नागिरी जिल्ह्यातला एक आंबा बागायतदार. तालुका आणि कोर्ट लिहीत नाही, केस चालू आहे आणि रोज त्याच पायऱ्या चढायच्या आहेत. पण मंगळवारी साक्षीची नक्कल हातात आली तेव्हापासून झोप नाही, म्हणून लिहितोय.

बागेच्या हद्दीचा दावा आहे, २००९ पासूनचा. वडील २०१६ ला गेले, तारखा चालूच. आई आता ७८ वर्षांची, गुडघे गेलेत, तिला पहाटेच्या वस्तीच्या एसटीने कोर्टात नेली. तिथे स्टेनोच्या जागी आता माईक आहे, बोललं की आपोआप टाईप होतं. उलटतपासात आई म्हणाली, "ती वय पन्नास वर्सांची हाय, माज्या सासऱ्यानं घातल्याली." आमच्याकडे वय म्हणजे बागेचं कुंपण, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नक्कलेत काय आलंय? "माझे वय पन्नास वर्षे आहे, माझ्या सासऱ्याने घातले." आणि खाली आईचा अंगठा. सगळा दावा ज्या वयीवर उभा आहे ती वयच साक्षीतून गेली!

समोरचे वकील त्याच दिवशी उठून म्हणाले, जिला स्वतःचं वय सांगता येत नाही तिला पन्नास वर्षांपूर्वीची हद्द काय आठवणार. आई मागच्या बाकावर बसली होती. परतीच्या गाडीत एक शब्द बोलली नाही, घरी आल्यावर म्हणाली, मी चुकीचं बोल्ले का रे? काय सांगायचं साहेब तिला?

पूर्वी आमच्या कोर्टात एक स्टेनो होते, इकडचेच. जज्जसाहेबांनी डिक्टेशन दिलं तरी मध्ये थांबून विचारायचे, आजी वय म्हणजे कुंपण ना? आणि तसं लिहायचे. ते रिटायर झाले, त्यांच्या जागी कोण आलंच नाही. अंगठा घ्यायच्या आधी साक्ष वाचून दाखवायची, तेही त्या दिवशी झालं नाही कारण बोर्डावर खूप केसेस होत्या.

मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही हो. तारखा मोबाईलवर कळतात, फेऱ्या वाचल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, मुंबईची वारी वाचली, मनापासून आनंद झाला. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात एआयने पहिल्यांदा लाईव्ह टायपिंग झालं ना, तेही आपल्याच महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या केसमध्ये, तेव्हा तो मजकूर वकिलांना तपासायला द्यायचं ठरलं होतं. दिल्लीतल्या मोठ्या वकिलांचं बोलणं तपासायचं आणि माझ्या आईचं बोलणं थेट अंगठ्याखाली, हा कुठला न्याय? केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा कोर्टांसाठी एआयचं धोरण काढलं, त्यात माणसाने तपासायचं हे स्पष्ट आहे. आपल्याकडे का नको?

तुम्ही म्हणाल हा हायकोर्टाचा विषय. पण पदं मंजूर कोण करतं, पैसा कोण देतं, सरकारच ना? कोर्टं संगणकावर आणायच्या केंद्राच्या ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर झाले २०२३ मध्ये, खालच्या कोर्टांत ४ कोटींवर केसेस पडून आहेत, आणि त्यातल्या कितीतरींत सरकार स्वतःच पक्षकार, त्या ढिगाखाली आमची दोन एकर बाग. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सगळ्यांनी पेढे वाटले, मग माझ्या आईची मराठी कुठे गेली? ती मराठी नाही का? तलाठ्याकडे जा, मोजणीला जा, कोर्टात जा, सगळीकडे आमचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत उतरतं आणि चुकलं तर निस्तरायचं आम्हीच.

मागणं थोडकंच आहे. साक्षीचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि पक्षकाराला मागितल्यावर द्या. टाईप झालेलं साक्षीदाराला तिच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका. आणि इकडची बोली कळणारा एक माणूस त्या माईकजवळ बसवा, पद भरा.

आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिलाय. त्यावर तारीख पडली आहे, तीन महिन्यांनंतरची. आई आत्तापासून विचारतेय, परत वस्तीची गाडी पकडायची का.

आपला,
एक पक्षकार, रत्नागिरी जिल्हा